मांडववाला आणि आचारी: आमच्या आंबा गटाच्या वेबसाइटचं प्रकरण

"एखादा चांगला वेबसाइटवाला बघा," असं अण्णा संचालकांच्या बैठकीत म्हणाले आणि मी इतिवृत्तात तसंच लिहून घेतलं. पुढची दोन वर्षं आम्ही जे भोगलं त्याचं मूळ त्या एका शब्दात होतं. आमच्याकडे वेबसाइट करणारा कुणीही असो, तो वेबसाइटवालाच. पान दिसेल कसं हे ठरवणारा तोच आणि आतली यंत्रणा बसवणाराही तोच, असं आम्ही धरून चाललो होतो. लग्नघरात मात्र ही गल्लत कुणी करत नाही. मांडववाल्याला सुपारी दिली म्हणून पंगतीचा स्वयंपाक तो करेल असं कुणाला वाटत नाही. आचारी वेगळा सांगितला जातो.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेत आहे. सभासद ४१, बहुतेकांच्या बागा केशर आंब्याच्या. मी कंपनीचं कार्यालय सांभाळते. हिशेब, पावत्या, फोन माझ्याकडे, आणि हंगामात पेट्यांवरच्या चिठ्ठ्याही मीच चिकटवते. मराठवाड्याच्या केशर आंब्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पुण्यातून विचारणा वाढली. विचारणारे बहुतेक आपलेच, नोकरीसाठी हडपसर, वाकड, पिंपरीला गेलेले. कोकणचा हापूस ओसरायला लागतो त्या सुमाराला आमचा केशर पाडाला येतो, त्यामुळे मे महिन्यात आमच्या मालाला पुण्यात चांगली जागा असते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सला पेट्या टाकल्या की सकाळी पुण्यात.

पण आंबा कुणासाठी थांबत नाही. देठासकट उतरवायचा, चीक निथळू द्यायचा, प्रतवारी करायची, पेटी भरायची, आणि पिकायला लागायच्या आत तो घरोघर पोचायला हवा. किती पेट्यांची मागणी आहे हे उतरणीच्या आधी कळलं नाही तर एक तर माल कमी पडतो, नाहीतर अंगावर पडतो. तोवर आमचा सगळा कारभार व्हॉट्सअॅप आणि एका लांब वहीवर चालायचा.

आम्हाला हवं होतं ते असं: पुण्यातल्या माणसाने मोबाइलवर आमचं पान उघडावं, कोणत्या आठवड्याची पेटी हवी ते सांगावं, पैसे भरावेत, आणि मंगळवारी किती आंबा उतरवायचा ते आम्हाला रविवारी रात्री कळावं. इतकं सरळ मी आज लिहू शकते. तेव्हा आम्ही कुणालाच ते असं सांगितलं नव्हतं. "सुंदर वेबसाइट पाहिजे आणि तिच्यावर बुकिंग व्हायला पाहिजे," एवढ्यावर आमचं सांगणं संपायचं.

पहिला हंगाम, २०२२

छत्रपती संभाजीनगरला काम करणारी एक डिझायनर मुलगी एका सभासदाच्या ओळखीतून मिळाली. तिच्या कामाबद्दल सविस्तर सांगते, कारण पुढे जे बिघडलं त्याचा ठपका तिच्यावर आला आणि तो चुकीचा होता.

ती दोन दिवस बागेत येऊन राहिली. पहाटेची उतरणी पाहिली, अढीच्या खोलीत बसली, माझ्या शेजारी खुर्ची ओढून गिऱ्हाइकांचे फोन ऐकले. लोक आधी काय विचारतात ते ती वहीत टिपत होती. मला वाटायचं सगळे आधी भाव विचारतात. तिच्या टिपणात निघालं वेगळंच: पहिला प्रश्न "पेटी कधी मिळेल?" आणि दुसरा "पावडर टाकून पिकवलेला नाही ना?" म्हणून तिने पानाच्या अगदी वर पुढच्या उतरणीची तारीख घेतली आणि तिच्याखाली गवताच्या अढीचा फोटो. संचालकांचे फोटो सगळ्यात वर हवेत असा काहींचा आग्रह होता. ते तिने शेवटच्या पानावर नेले आणि अण्णांना त्याचं कारण पटवूनही दिलं.

अक्षरांवर तिने घेतलेली मेहनत मी विसरणार नाही. आमचं जुनं माहितीपत्रक डीटीपीवाल्याने जुन्या पद्धतीच्या फाँटात केलेलं होतं. तसला मजकूर वेबपानावर चिकटवला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात, कारण तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत, नसतो. मग कित्येक जण त्या मजकुराचं चित्र करून लावतात. चित्र दिसायला बरं दिसतं, पण शोधणाऱ्याला त्यातले शब्द सापडत नाहीत आणि छोट्या पडद्यावर ते वाचवत नाही. तिने सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप केला. पहिल्या नमुन्यात "लागवड" मधला ल हिंदी वळणाचा आला होता. तिने पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची खूण केली. ज्या फाँटात मराठी वळण भरलेलं असतं तो ही खूण पाहून आपला ल आणि आपला श दाखवतो. गिऱ्हाइकाला हे नेमकं सांगता येणार नाही, पण पान आपल्या माणसांचं आहे हे त्याच्या डोळ्याला कळतं.

नमुना तयार झाल्यावर ती फोन घेऊन दुपारी एक वाजता बागेत उन्हात उभी राहिली. फिक्या राखाडी रंगातली भावाची ओळ दिसेना. वेबपानं सगळ्यांना वाचता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराचा आणि त्याच्या पार्श्वभूमीचा उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ असावा असं सांगितलेलं आहे. तिने ती ओळ गडद केली आणि बटण अंगठ्याला सहज लागेल इतकं मोठं केलं. डिझायनरचं काम ते हे. डोळा आधी कुठे जाईल, बोट कुठे पडेल, माणूस कुठे अडखळेल याचा विचार ती आधी करते आणि त्याचं चित्र फिग्मासारख्या साधनात काढून दाखवते. त्या चित्राला रंग असतो, मांडणी असते, एका पानावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट असते. पण ते चित्र काही लक्षात ठेवत नाही आणि काही मोजत नाही.

तिच्या दरपत्रकाच्या तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं: बुकिंगची मोजणी व ऑनलाइन पेमेंट यात समाविष्ट नाही, त्यासाठी डेव्हलपर लागेल. आम्ही त्यावर सही केली होती. तिने एकदा फोन करून आठवणही दिली. अण्णा म्हणाले, "सध्या कायतरी तात्पुरतं करा ताई, लोकांची नावं तरी येऊ द्या." म्हणून तिने एक तयार फॉर्म जोडला. भरलेली माहिती एका शीटमध्ये जायची, खाली आमचा क्यूआर कोड, आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर पाठवायचा.

पहिल्या उतरणीला ३०० पेट्या होतील असा अंदाज होता. संध्याकाळी सहाला बुकिंग उघडलं. पान इतकं देखणं होतं की लोकांनी ते आपापल्या गटांवर पुढे पाठवलं. सकाळी शीटमध्ये ४१२ ओळी होत्या. फॉर्मला ३०० हा आकडा ठाऊकच नव्हता, त्याचं काम फक्त ओळ वाढवायचं. काहींनी बटण दोनदा दाबलेलं, काहींनी नाव भरून पैसे भरलेले नाहीत, काहींनी पैसे भरले पण स्क्रीनशॉट दुसऱ्याच नंबरवर गेला. आम्ही तिघं दोन दिवस स्क्रीनशॉट आणि बँकेचं स्टेटमेंट समोरासमोर ठेवून बसलो. खरी बुकिंगं निघाली ३७१. म्हणजे ७१ घरं अशी, की पैसे घेतलेत आणि आंबा नाही. ते ७१ फोन मी केले. एक बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या सासूबाईंचं वर्षश्राद्ध आहे, त्यांना तिकडचाच आंबा आवडायचा." त्यांना मी माझ्या घरची पेटी पाठवली.

दुसरा हंगाम, २०२३

पुढच्या बैठकीत एकच सूर होता, पोरीनं फसवलं. मी दरपत्रक काढून तिसरी ओळ मोठ्याने वाचून दाखवली. खोली शांत झाली, पण निष्कर्ष निघाला तो दुसऱ्या टोकाचा: आता डिझाइन-बिझाइन नको, पक्का प्रोग्रामर आणा.

लातूरचा एक डेव्हलपर मिळाला. त्याने साखर कारखान्यासाठी ऊसनोंदणीचं आणि वजनकाट्याचं सॉफ्टवेअर केलेलं होतं. काट्यावर दहा किलोचा फरक पडला तरी ट्रॅक्टरवाला भांडायला उभा राहतो, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत या माणसाचा हात पक्का. त्याने विचारलेले प्रश्न ऐकून मला पहिल्यांदा कळलं की हा व्यवसायच निराळा आहे. शेवटची पेटी एकाच क्षणाला दोघांनी मागितली तर कुणाला द्यायची? पैसे भरून माणसाने बुकिंग रद्द केलं तर? गारपिटीने उतरणी पुढे ढकलली गेली तर त्या दिवशीच्या सगळ्या बुकिंगचं काय करायचं? एका माणसाला जास्तीत जास्त किती पेट्या? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे तयार नव्हतं. दोन संध्याकाळ भांडून आम्ही ते ठरवलं.

शेवटच्या पेटीचं त्याने असं केलं: एखाद्याने पैसे भरायला सुरुवात केली की ती पेटी १० मिनिटं त्याच्या नावाने राखून ठेवली जाते. त्या वेळात दुसऱ्याला ती संपलेली दिसते. पैसे आले तर पेटी पक्की, नाही आले तर परत मोजणीत. दोघांनी अगदी एकाच क्षणी बटण दाबलं तरी डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदींचा साठा, त्या पेटीच्या ओळीला कुलूप लावतो, एकाचं काम पुरं करतो आणि मगच दुसऱ्याकडे पाहतो. हे पडद्यावर कुठेच दिसत नाही. दिसत नाही म्हणून बैठकीत कुणी विचारलं, एवढे पैसे कशाचे?

त्याचं उत्तर चाचणीच्या दिवशी मिळालं. खऱ्या विक्रीआधी आम्ही २० ओळखीच्या घरांना बुकिंग करायला सांगितलं होतं. दुपारी हडपसरहून माझ्या भाच्याचा फोन आला: "मावशी, पैसे कटायलेत, पण पावती येईना झालीय." तिघांचं तसंच. डेव्हलपर माझ्याच टेबलावर बसलेला होता. त्याने सर्व्हरची, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या संगणकाची, नोंदवही उघडली आणि मला बोट ठेवून दाखवलं. गिऱ्हाईक आमच्या पानावरून यूपीआयच्या अॅपमध्ये जातो, पिन टाकतो, पैसे जातात. त्यानंतर त्याने परत आमच्या पानावर यावं, अशी अपेक्षा असते. पण लोक पैसे गेल्याची खूण दिसली की फोन खिशात टाकतात. किंवा फोन जुना असला तर तेवढ्यात ब्राउझर बंद झालेला असतो. आमची यंत्रणा गिऱ्हाईक परत यायची वाट बघत होती आणि तो आलाच नव्हता. पैसे गेटवेकडे, म्हणजे आमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेकडे जमा, आमच्या नोंदीत मात्र बुकिंग नाही.

त्याने रात्रीत ते बदललं. आता गेटवेचा सर्व्हर आमच्या सर्व्हरला परस्पर निरोप देतो की अमुक बुकिंगचे पैसे आले. या निरोपाला वेबहुक म्हणतात. निरोप खरोखर गेटवेचाच आहे ना हे आमची बाजू सही जुळवून तपासते, आणि तोच निरोप दोनदा आला तरी पेटी एकदाच कमी होते. गिऱ्हाईक परत आला काय, न आला काय, बुकिंग होतं. मागच्या वर्षी आम्ही तिघांनी दोन दिवस डोळे फोडून जे केलं ते आता कुणाच्याही नजरेआड सेकंदात होत होतं. मला त्या रात्री फार हलकं वाटलं.

मग विक्री सुरू झाली आणि पेट्या खपेनात.

जुन्या पानावरचे फोटो प्रत्येकी चार-पाच एमबीचे होते, ते उघडायला वेळ लागतो, म्हणून डेव्हलपरने ते सगळं बाजूला ठेवून स्वतः पानं केली होती. पानं झटकन उघडायची. पण वर कंपनीचा नोंदणी क्रमांक, मग एक तक्ता, मग फॉर्म. फॉर्मला १६ रकाने, सगळे इंग्रजीत. खातं उघडा, पासवर्ड ठेवा, पासवर्डात एक चिन्ह हवं. उतरणीची तारीख एका बारीक यादीत दडलेली. कारखान्यात शिकलेला कारकून रोज तोच पडदा वापरतो, त्याला हे चालतं. पुण्यातली बाई वर्षातून एकदा आमचा आंबा मागवते, तिला ते चालत नाही. नोंदीत स्पष्ट दिसत होतं की लोक पत्त्याच्या पानापर्यंत यायचे आणि तिथून निघून जायचे.

एका निवृत्त गुरुजींनी फोन केला. ते तीनदा प्रयत्न करून दमले होते, "पिन चुकीचा" असाच इंग्रजी संदेश येत होता. मी म्हटलं, वाचा बरं काय टाकलंय. त्यांनी वाचलं ते बरोबरच होतं, हडपसरचा ४११०२८. मी स्क्रीनशॉट मागवला तेव्हा लक्षात आलं. गुरुजींच्या फोनला मराठी कीबोर्ड होता आणि त्यांनी आकडे देवनागरीत टाकले होते. आपल्याला ४ आणि इंग्रजीतला चार एकच, संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं. डेव्हलपरने तपासणी लिहिली होती ती फक्त इंग्रजी आकड्यांची.

ही चूक कुणाची, यावर मी बराच विचार केला. डेव्हलपरने दोन ओळींत देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घेतले, म्हणजे उपाय त्याच्या हातात होता. पण असं होऊ शकतं हे आधी सुचलं असतं ते मराठी कीबोर्डवर बोट चालवणाऱ्या माणसाशेजारी बसलेल्या माणसाला. डिझायनरने त्या रकान्यात बोट ठेवताच आकड्यांचाच कीबोर्ड उघडावा असं सुचवलं असतं, आणि चुकीच्या संदेशाच्या जागी मराठीत "पिनकोड ६ आकडी लिहा" असं लिहिलं असतं. दोन्ही कामं एकमेकांना चिकटलेली असतात ती अशा जागी.

त्या हंगामात एकही पेटी जास्त विकली गेली नाही. उलट पहिल्या दोन उतरण्यांच्या ४५० पेट्यांपैकी १९० शिल्लक राहिल्या आणि तो माल बाजार समितीत मिळेल त्या भावाने घालावा लागला. मागच्या वर्षी लोक फोनवर रागावले होते, या वर्षी ते आलेच नाहीत.

ही दोन कामं वेगळी का झाली

सुरुवातीला ती वेगळी नव्हतीच. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, १९९१ मध्ये पहिली वेबसाइट आली. पानावर मजकूर आणि दुवे, एवढंच. एकच माणूस ते सगळं सांभाळायचा. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषा आल्या, म्हणजे पान हालचाल करू लागलं आणि सर्व्हर विचार करू लागला. १९९६ च्या शेवटी पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली अधिकृत आवृत्ती आली आणि मजकूर एकीकडे, त्याचं रूप दुसरीकडे लिहिता येऊ लागलं. २०१० च्या आसपास फोन आणि संगणक दोन्हीवर नीट बसणारी पानं करायची वेळ आली. प्रत्येक टप्प्याला शिकायचं इतकं वाढलं की एका माणसाला दोन्हीकडे पारंगत होणं अवघड झालं.

मधला पट्टा मात्र दोघांचा आहे. चित्र घेऊन त्याचं खरं पान बनवणारा तो फ्रंट-एंड डेव्हलपर. सर्व्हर, डेटाबेस, पैसे सांभाळणारा तो बॅक-एंड. काही डिझायनर एचटीएमएल-सीएसएस, म्हणजे पानाची रचना आणि रूप सांगणारा कोड, स्वतः लिहितात, आमची मुलगी लिहायची. काही डेव्हलपरना चांगली नजर असते. दोन्ही उत्तम करणारा माणूस नसतोच असं मी म्हणणार नाही, पण आपल्या भागात "सगळं मीच करतो" म्हणणाऱ्याला मी आता जुनी कामं दाखवायला सांगते, आणि त्यांतलं एक माझ्यासमोर वापरून दाखवायला सांगते.

तिसरा हंगाम, २०२४

मी बैठकीत एकच मागणी केली: दोघांना एकत्र बोलवा, एकाच दिवशी, पॅकिंग शेडवर. खर्च वाढेल म्हणून विरोध झाला. मी दोन्ही वर्षांच्या नुकसानीचा हिशेब मांडला. १९० पेट्यांच्या भावातला फरक वाचल्यावर अण्णा म्हणाले, "बोलवा दोघांना. आता मधी मधी कुणी करू नका."

दोघं अवघडून आली. तिला वाटत होतं तिच्यावर खापर फुटलंय, त्याला वाटत होतं त्याची पानं टाकून देणार. मी टेबलावर तिसऱ्या ओळीचं दरपत्रक आणि गुरुजींचा स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटलं, हे दोन्ही आमचं अज्ञान आहे, तुमचं कुणाचं नाही. त्यानंतर चहा झाला आणि काम सुरू झालं.

तिने कार्डबोर्डच्या पेटीच्या मागच्या बाजूला पेनाने पाच चौकोन काढले: तारीख, पेट्या, पत्ता, पैसे, पावती. प्रत्येक चौकोनाखाली तो लिहीत गेला की इथे यंत्रणेला काय माहीत असायला हवं आणि काय चुकू शकतं. "पत्ता" खाली त्याचे १६ रकाने होते. ती प्रत्येकावर बोट ठेवून विचारत गेली, हा कशाला? तालुका, जिल्हा, राज्य पिनकोडवरून बहुधा कळतात. पासवर्ड कशाला, फोनवर ओटीपी पुरे. ईमेल बहुतेकांना नकोच. शेवटी ५ उरले: नाव, फोन, पिनकोड, घर नंबर आणि सोसायटी, जवळची खूण. दुसरीकडे तिला हवं होतं की उरलेल्या पेट्यांचा आकडा पानावर सतत हलता दिसावा. त्याने सांगितलं, हजार लोक एकदम आले तर सर्व्हरवर ताण येईल, दर मिनिटाला बदलला तर चालेल का? चाललं. ती पेटी मी जपून ठेवली आहे.

क्रम असा ठरला: आधी वाट आणि पडद्यांची चित्रं तिने करायची, ती माझ्यासकट चार बिगर-संगणकी माणसांनी फोनवर चालवून पाहायची, मग त्याने बांधायचं, आणि शेवटच्या आठवड्यात तिने परत येऊन बांधलेलं तपासायचं. फोटो हलके करायचं काम तिच्याकडे, सर्व्हर त्याच्याकडे. काही बिघडलं तर पहिला फोन त्याला, कारण हंगामात पैसे अडकणं जास्त वाईट. गुढीपाडव्यापर्यंत, म्हणजे ९ एप्रिलपर्यंत सगळं पुरं आणि त्यानंतर रंगसुद्धा बदलायचा नाही. मोबदला तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता पहिली उतरणी पार पडल्यावर.

करारात आणखी एक गोष्ट घातली, जी सगळ्यांनी घालावी असं मी कळकळीने सांगते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा इंटरनेटवरचा पत्ता, कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर. होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या सेवेचा, आणि पेमेंट गेटवेचा मुख्य लॉगिन आमच्याकडे. कोड आणि फिग्माची फाइल आमच्याकडे. आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका दुकानदाराचं डोमेन करणाऱ्याच्याच नावावर राहिलं, तो माणूस फोन उचलेना, आणि दुकानदाराला पाटीवरचं, बिलावरचं, पिशवीवरचं नाव बदलावं लागलं.

पहिल्या उतरणीच्या ३२० पेट्या ४ तासांत संपल्या आणि ३२० वर थांबल्या. मला एकही फोन माफी मागायला करावा लागला नाही.

आता लोक मला विचारतात

आमचं बघून लातूरची एक डाळ मिल, पैठणचे एक पैठणी विक्रेते आणि तुळजापूरचे एक लॉजवाले मला विचारायला आले, कुणाला धरावं? मी प्रत्येकाला एकच विचारलं: गिऱ्हाईकाने बटण दाबल्यावर पुढे काय घडायला हवं?

डाळ मिलवाल्यांच्या बाबतीत काहीच घडायचं नव्हतं. व्यापारी फोन करणार, भाव बोलणार. त्यांना मालाची माहिती, गिरणीचे फोटो, फोन नंबर आणि नकाशा हवा होता. अशा ठिकाणी वर्डप्रेससारख्या तयार साधनावर एक चांगला डिझायनर पुरतो, डेव्हलपरवर पैसे घालवू नयेत. पैठणीवाल्यांचं सगळं दिसण्यावर. पदरावरचा मोर जवळून दिसला पाहिजे, रंग फोनवर खरा दिसला पाहिजे. आधी डिझायनर आणि फोटो काढणारा, विक्रीसाठी महिन्याच्या भाड्यावर मिळणारं तयार ऑनलाइन दुकान. महिन्याला शंभर साड्या जायला लागल्या की मग डेव्हलपरचा विचार. लॉजवाल्यांचं प्रकरण आमच्यासारखं. एक खोली, एक रात्र, एकच माणूस. नवरात्रात तीच खोली दोघांना गेली तर दारात भांडण. तिथे मोजणी पक्की हवी, म्हणजे डेव्हलपर किंवा तयार बुकिंग सेवा, आणि मग तिच्यावर डिझायनरचा हात. माझा स्वतःचा कल तयार सेवेकडे आहे. छोट्या लॉजने स्वतःची यंत्रणा बांधली तर ती वर्षानुवर्षं सांभाळणार कोण?

बोलणी करताना मी दोघांना एकेक प्रश्न विचारायला सांगते. डिझायनरला: तुमचं जुनं एखादं पान माझ्या आईच्या फोनवर, माझ्या अंगणात उघडा आणि तिला वापरू द्या. तुम्ही मधे बोलू नका. डेव्हलपरला: पैसे गेले आणि त्याच क्षणी गिऱ्हाईकाचा फोन बंद पडला, तर तुमच्या यंत्रणेत काय होतं? पहिल्या प्रश्नावर चांगला डिझायनर खूश होतो आणि वही काढतो. दुसऱ्यावर चांगला डेव्हलपर लगेच "होतं सगळं नीट" म्हणत नाही. तो आधी तुमचा गेटवे कोणता ते विचारतो.

आमच्याकडे आता नवीन अडचण आहे. शेडवर पेट्या भरणाऱ्या बायका यादी माझ्याकडून छापून घेतात आणि पेनाने खुणा करतात. कागद चिकाने चिकटतो, एखादी पेटी दोनदा भरली जाते. त्यांच्या फोनवरच यादी यावी असं सगळ्यांच्या मनात आहे. डेव्हलपर भाऊ म्हणाला, यादी तयारच आहे, दोन दिवसांत पडदा करून देतो. मी त्याला थांबायला सांगितलं. हातमोजे घातलेल्या, चिकाने भरलेल्या बोटाने, एका हातात आंबा असताना तो पडदा कसा दाबायचा, हे आधी बघायला हवं. डिझायनर ताई पुढच्या मंगळवारी पहाटे शेडवर येते आहे. तो गुरुवारी.